पाण्यावरचा रस्ता

निळी रेघ चार बोटं रुंद होती आणि ती वरून खाली पुसली जात होती. डांबरात रुतलेल्या खडीची जी टोकं वर आलेली असतात, त्यांच्यावरचा रंग आधी जातो, कारण चपला, बूट आणि चाकं त्या टोकांनाच घासतात. टोकांच्या मधल्या खळग्यांत रंग टिकून राहतो. त्यामुळे उभं राहून पाहिलं तर रेघ शाबूत वाटायची आणि वाकून पाहिलं तर तिची चाळण झालेली दिसायची. ती वाकली, रेघेवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं. आठवडाभर टिकेल, तिने मनाशी म्हटलं. मधे एखादी सर आली तर तेवढीही नाही.

मग तिने पर्स खांद्यावर घेतली आणि ती कामावर निघाली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

शहरात कुणालाही रस्ता खणायचा असला की तिची परवानगी लागायची. म्हणून तिचं खरं नाव मागे पडून ‘परवानगीबाई’ हेच नाव रूढ झालं होतं. दूधवालासुद्धा तेच म्हणायचा. तिच्या खात्याची एक जुनी पद्धत होती. खणायच्या आधी प्रत्येक खात्याने रस्त्यावर येऊन आपली वस्तू जमिनीखाली कुठून जाते ते रंगाने आखून द्यायचं. पाणी निळं, गॅस पिवळा, वीज लाल, टेलिफोन केशरी. मग सगळ्यांनी रेघांपाशी उभं राहून पाहणी करायची आणि परवानगी आहे की नाही ते तिने तिथल्या तिथे तोंडाने सांगायचं. कागद मागाहून निघायचा. तिच्या आधीच्या साहेबांचं म्हणणं असं, की जमिनीच्या पोटात हात घालायचा तर निदान तिच्या अंगावर उभं राहून सांगावं. आणि पाहणीच्या आधी रेघा पुसल्या गेल्या तर सगळं बाद. पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या स्वतःच्या रस्त्यावरच्या रेघा दोनदा पुसल्या गेल्या होत्या. खालचा पाण्याचा पाइप जुना, बिडाचा, गंजून झिजलेला. तो बदलायचा होता. ती कधी ‘नाही’ म्हणाली नव्हती. पहिल्या वेळी म्हणाली, गॅसवाल्यांची रेघ मला सरळ वाटत नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, शाळेच्या परीक्षा होऊन जाऊ द्या. दोन्ही कारणं खरी होती. खऱ्या कारणांची हीच तर मोठी सोय असते.

रस्ता उताराचा होता. वरच्या टोकाला तिचं घर, खालच्या टोकाला समोरासमोर बेकरी आणि शिवणकाकूंची तीन मजली इमारत. मधे चांभाराची टपरी, एक दवाखाना, आणि काकूंच्या इमारतीला लागून बाबांचं जुनं रेडिओदुरुस्तीचं दुकान, ज्याचं शटर आता कायमचं खाली होतं. रस्त्याला देखणेपण म्हणून काही नव्हतं. टेलिफोनवाल्यांनी कधीतरी आडवा चर खणून बुजवला होता, त्याचा उंचवटा चांभारासमोर पाठीच्या कण्यासारखा वर आला होता. दवाखान्यासमोर मॅनहोलचं झाकण एका बाजूने सैल होतं. त्यावर पाय पडला की ते ‘टक्’ म्हणायचं. पुढे एक ठिगळ, त्यापुढे एक उथळ खड्डा, बशीएवढा.

ऑफिसात यावरून तिची थट्टा चालायची. शहरभर रस्ते गुळगुळीत करून घेते आणि स्वतःच्या दारात मात्र खड्डे पाळते, असं लोक म्हणायचे. काहींना त्यात तिचा प्रामाणिकपणा दिसायचा: बघा, स्वतःच्या रस्त्याचा नंबर यादीत सगळ्यात खाली लावला. ती हसायची. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

खरं कारण बाबा होते. बाबांची नजर कडेकडेने गेली, जसा जुन्या फोटोचा कोपऱ्यांतून रंग जातो तशी. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण रोज सकाळी काठी घेऊन ते एकटे रस्ता उतरायचे, बेकरीतून पाव घ्यायचे, बाकावर चहा प्यायचे आणि परत यायचे. रस्ता त्यांना पायांनी पाठ होता. कण्याचा उंचवटा, टक् म्हणणारं झाकण, ठिगळ, बशी. म्हणून गेली कित्येक वर्षं कुणी दुरुस्तीला आलं की ती शांतपणे म्हणायची, इथे सध्या नको. आणि ‘सध्या’ हा शब्द तिच्याकडून रबरासारखा ताणला गेला होता.

खालच्या टोकाला शिवणकाकू बादली घेऊन जिन्यापाशी उभ्या होत्या. त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि लोकांचे कपडे शिवायच्या. पाणी तळमजल्याच्या नळापर्यंत कसंबसं यायचं, त्याच्या वर चढायचं नाही.

“काय परवानगीबाई,” काकू म्हणाल्या, “आमच्या नळाला वर यायचं तर त्यालाही तुमची परवानगी लागते का?”

“काकू, होईल हो लवकर.”

“तुमचं लवकर म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाला मी सांगते तसलं लवकर. उद्या या, काजं तेवढी राहिलीत.” काकूंनी बादली उचलली. एका हातात बादली, दुसरा हात कठड्यावर. पहिल्या वळणावर त्यांनी ती टेकवली आणि गुडघ्यावरून हात फिरवला. “बाबांना म्हणावं, तुमचा सदरा तयार आहे. पण इस्त्रीला पाणी शिंपडायचं तर ते वर न्यायला हवं.”

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला बस येईपर्यंत वाटत राहिलं.

दुपारी पाणीखात्याचे साहेब तिच्या टेबलापाशी आले. गोलमटोल, हसऱ्या तोंडाचे गृहस्थ. खुर्चीत बसले की खुर्ची आधी बोलायची आणि मग ते.

“चहा सांगू?” तिने विचारलं.

“चहा मीच सांगून आलोय. तुमच्या भरवशावर राहिलो तर कपावरची रेघसुद्धा पुसली जाईल.”

ती हसली. चहा आला तसं त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

“बाई, आता मात्र चेष्टा नाही. वरून निरोप आलाय. तुमच्या रस्त्यासाठी आलेले पाइप दोन वर्षं गोदामात पडून आहेत. या वेळी पाहणी झाली नाही तर ते दुसऱ्या भागाला देऊन टाकणार. मग पुन्हा कधी मिळतील ते देवालाच ठाऊक, आणि त्यालाही अर्ज करावा लागेल.”

“कधी द्यायचं म्हणतायत?”

“पुढच्या सोमवारी. म्हणून मी पाहणी उद्याच ठेवलीये. सकाळी. मुकादमालाही बोलावलंय. तुम्ही घरासमोरच उभं राहायचं, चपला घालायचेसुद्धा कष्ट नाहीत.” ते थांबले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “काही अडचण आहे का? घरची वगैरे?”

“नाही,” ती म्हणाली. “अडचण अशी नाही.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चहाचा शेवटचा घोट घेतला.

घरी आली तेव्हा बाबा टेबलापाशी बसून एक जुना रेडिओ उघडत होते. डोळे गेल्यावरही त्यांनी हे सोडलं नव्हतं. स्क्रू, झाकण, आतली पट्टी, प्रत्येक वस्तू काढली की ते ती आपल्या डाव्या हाताला एका ओळीत ठेवायचे.

“नव्या रंगाचा वास गेला एकदाचा,” ते म्हणाले. “या खेपेला निळा जरा जास्तच घट्ट होता. चार दिवस नाकात होता माझ्या.”

“तुम्हाला निळा आहे हे कसं कळलं?”

“मुकादमाने सांगितलं. म्हणाला, काका, तिसऱ्यांदा मारतोय, आता तरी टिकू द्या. मी म्हटलं, मी काय करणार बाबा, मी काही तो चाटत नाही.”

ती हसली आणि त्यांच्यासमोर बसली. बाबांचं बोट तारेवरून पुढे सरकत होतं.

“काकूंचा निरोप आहे. सदरा तयार आहे.”

“इस्त्री राहिली असेल.”

“हो.”

“पाणी नाही म्हणून.”

“हो.”

बाबांनी एक सांधा चाचपला, पुन्हा चाचपला.

“तुम्ही दोन-तीन एकदम का नाही उघडत?” तिने विचारलं. विषय बदलावा म्हणून विचारलं, इतकंच. “लवकर होईल.”

“आणि मग कुठला बिघडला होता ते कसं कळणार? एक उघडायचा, नीट करायचा, बंद करायचा. मग दुसरा. मी रस्ताही तसाच शिकलो, आठवतं ना? आधी आपल्या दारापासून चांभारापर्यंत. तेवढाच. महिनाभर तेवढाच. तू माझं कोपर धरून चालायचीस आणि मी म्हणायचो, सोड.”

“तुम्ही ओरडायचात.”

“ओरडलो नसतो तर अजून धरून बसली असतीस.”

आई गेल्यानंतरचं ते वर्ष तिला आठवलं. बाबांना तेव्हा थोडंसं दिसत होतं, तरी ते मुद्दाम डोळे मिटून चालायचे. नजर आहे तोवरच नजरेशिवाय राहायला शिकतो, म्हणायचे. चांभारापर्यंतचा तुकडा पाठ झाला तेव्हाच त्यांनी दवाखान्यापर्यंतचा घेतला.

“बाबा, रस्ता नवा झाला तर तिथे उठावाच्या फरश्या बसवता येतात. काठीला कळतात अशा. मी विचारून ठेवलंय.”

“मोठ्या रस्त्यावर असतात त्या? माहीत आहेत. एका सरळ रेषेत जातात. मला त्या नीट नेऊन बसस्टॉपवर सोडतील. पाव बेकरीत असतो.” ते हसले. मग हसू हळूहळू मागे गेलं. “किती दिवस बंद राहील म्हणे?”

“सगळा एकदम उघडला तर पावसाच्या आधी होईल. तीन-चार महिने.”

“तीन-चार महिने घरात बसलो तर पाय विसरतील, पोरी. या वयात एकदा विसरले की मग विसरलेच.” त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या तरी पायांबद्दल सांगावं तसं.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दिवे लागायच्या आधी थोडा वेळ असा येतो, की डांबराचा आणि आकाशाचा रंग एकच होतो. त्या वेळी रस्ता तिला कधीच टणक वाटायचा नाही. तो एक लांबट, संथ तलाव व्हायचा. वरचा थर काळा, त्याच्या खाली जुन्या डांबराचा थर, त्याखाली हाताने बसवलेले दगड, त्याखाली पिवळी माती. आणि या सगळ्यांत वेगवेगळ्या खोलीवर त्या रेघा तरंगत असायच्या. केशरी अगदी वर, पाणवनस्पतीसारखी. लाल तिच्या खाली. पिवळी थोडी बाजूला. आणि सगळ्यांत खोल ती निळी, तळाशी झोपलेल्या एखाद्या लांब माशासारखी. माणसं त्या तलावाच्या पृष्ठावरून चालत होती आणि कुणाचा पाय ओला होत नव्हता. कुणी पिशवी घेऊन, कुणी छत्री बगलेत मारून. बाबा उद्या सकाळी असेच निघतील, तिला वाटलं, नावाड्यासारखे, काठी टेकत. आणि खालचा मासा कूस बदलेल. मग रस्त्यावरचे दिवे लागले आणि तलाव पुन्हा रस्ता झाला.

मागे बाबांनी रेडिओचं झाकण बसवलं. खरखर आली, तिच्यातून कुणाचा तरी आवाज आला, विझला.

“नाही लागला?” तिने विचारलं.

“लागेल. अजून एक सांधा आहे.”

सकाळी बाबा निघाले तेव्हा ती जागी होती. पाहणीला अजून अवकाश होता. दार लागल्याचा आवाज आला आणि तिने असं काही केलं जे कित्येक वर्षांत केलं नव्हतं. अनवाणीच जिना उतरून ती त्यांच्या मागे गेली. चपलांचा आवाज त्यांनी ओळखला असता आणि तिथेच उभं राहून, मागे न वळता, “जा घरी” म्हणाले असते.

डांबर थंड होतं. बाबा पुढे, ती बरीच मागे. कण्याच्या उंचवट्यावर त्यांचा डावा पाय आला आणि ते किंचित उजवीकडे झाले. झाकण टक् म्हणालं. त्यांनी मान हलवली, कुणी ओळखीचा भेटल्यासारखी. ठिगळ. बशी. प्रत्येक ठिकाणी ते क्षणभरच थांबत आणि पुढे जात. तिच्या मनात आलं, हा आपण सांभाळलेला रस्ता आहे. हे सगळं आपण वाचवलं. त्याच वेळी तिला दूर खाली काकूंच्या जिन्यापाशी बादली ठेवल्याचा आवाज ऐकू आला.

जुन्या दुकानाच्या शटरसमोर बाबा थांबले.

तिथे काही नव्हतं. ना उंचवटा, ना खड्डा. तो सबंध रस्त्यातला सगळ्यात सपाट तुकडा होता. तिला तो इंचाइंचाने माहीत होता. बाबांनी काठी सरळ उभी केली, तिच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले, हातांवर कान टेकला आणि ते स्तब्ध उभे राहिले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा दमला. मग ते तिथूनच काटकोनात वळले, रस्ता ओलांडला आणि नेमके बेकरीच्या पायरीशी पोचले.

ती त्या जागी गेली. निळी रेघ तिथे होती, वरून पुसट, खळग्यांत गडद. ती गुडघ्यांवर बसली. तळहात टेकवला. काही कळलं नाही. इकडेतिकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि मग एवढ्या मोठ्या बाईने एखाद्या लहान मुलीसारखा रस्त्याला कान लावला. खडी टोचली. दूरवरच्या बसची घरघर तेवढी आली.

किती वेळ गेला कोण जाणे. पाव आणि काठीचा आवाज एकदमच जवळ आला. म्हणजे पावाचा वास आणि काठीचा आवाज.

“असं नाही ऐकू येणार,” बाबा म्हणाले.

ती दचकून उठली. “तुम्हाला कसं कळलं मी आहे?”

“अनवाणी माणूसही श्वास घेतो. घराच्या दारापासून घेतेयस.” त्यांनी काठी पुढे केली. “उभी धर. मूठ कानाशी. डोळे मीट.”

तिने काठी रेघेवर उभी केली आणि मुठीला कान लावला. आधी तिचंच रक्त ऐकू आलं. मग त्याच्या मागे, खूप खाली, आणखी एक काहीतरी. सरसर नव्हे, खळखळही नव्हे. कुणी बंद खोलीत न थांबता हलक्या आवाजात वाचत बसावं तसं. पाणी बोलत होतं. तिला कालचा तो तलाव आठवला आणि तळाशी झोपलेला मासा. तो झोपलेला नव्हता. त्याच्या कुशीतून पाणी जात होतं, रात्रंदिवस, मातीत, जिथे ते कुणालाच नको होतं.

“कधीपासून?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“दुकान बंद केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं. आधी बारीक होतं. इथे काही खूण नव्हती ना, वळायचं कुठे ते कळायचं नाही. दोनदा चुकून गल्लीत शिरलो. मग हे ऐकू यायला लागलं.” ते थांबले. “तू खड्डे पाळलेस. मी हे पाळलं.”

तिने मुठीवरून कान काढला. खड्ड्यांचं त्यांना माहीत होतं तर. अर्थात माहीत असणार. इतकी वर्षं एखादा रस्ता आपोआप जसाच्या तसा राहत नाही, हे पायांना कळल्याशिवाय राहील थोडंच.

“कुणाला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तुझी माणसं आली असती.” बाबांनी पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “एक सांग. हे इथे जातंय तेच पाणी, जे वर चढत नाही?”

शेजारच्या जिन्यात काकूंची बादली पहिल्या वळणावर टेकली. तो आवाज दोघांनीही ऐकला.

“सगळंच नाही,” ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि या क्षणी फार खरंही बोलवत नव्हतं. “पाइप बऱ्याच ठिकाणी गेलाय. पण यातलं बरंचसं तेच.”

“मला वाटायचं थोडंसं असेल. आवाज एवढासाच येतो.”

“आवाजावरून किती ते कळत नाही, बाबा. मोठ्या गळतीचा कधीकधी लहान येतो.”

त्यांनी मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाचा रेडिओ आपल्याच हातून बिघडला हे कळल्यावर ते पूर्वी अशीच मान हलवायचे. मग तो पुन्हा उघडायला घ्यायचे. त्यांनी चेहरा जिन्याच्या दिशेने वळवला. बादली दुसऱ्या वळणावर टेकली. मग त्यांनी कोपर तिच्याकडे पुढे केलं.

“धर,” ते म्हणाले. “सवय करायला हवी.”

तिने ते धरलं. दोघं चढ चढू लागले. झाकण टक् म्हणालं. चांभाराच्या टपरीपाशी त्यांचे पाय उंचवट्याला लागले आणि या वेळी त्यांनी ते बाजूला घेतले नाहीत. बूट कण्यावर ठेवून क्षणभर उभे राहिले.

“हा टेलिफोनवाल्यांचा ना?”

“हो. मीच मंजूर केला होता. तेव्हा खरं तर परत पाठवायला हवा होता.”

“चांगला केला होता बिचाऱ्यांनी,” बाबा म्हणाले. “इथपर्यंत शिकायला मला महिना लागला होता. तेव्हा मी तरुण होतो. आता दीड लागेल.”

ती ऐकत होती, पण तिच्या मनात ते वाक्य पुढे न जाता तिथेच उभं राहिलं. दारापासून चांभारापर्यंत. तेवढाच. मग दवाखान्यापर्यंत. तिच्या डोळ्यांसमोर रस्ता पुन्हा पारदर्शक झाला, पण या वेळी एका बाजूने, वरच्या टोकापासून, एकेक खोली उघडून बंद करावी तसा.

साहेब आणि मुकादम घरासमोर येऊन उभे होते. मुकादमाच्या हाताच्या नखांत तोच निळा रंग होता.

“अरे वा, काकासाहेबही पाहणीला,” साहेब म्हणाले. मग तिच्या पायांकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले. “बाई, मी चपलांचं गमतीत म्हटलं होतं.”

बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी काठी गुडघ्यांमधे उभी केली. ती मात्र रेघेपाशीच थांबली.

“तर असं आहे,” मुकादम म्हणाला. त्याने उताराकडे हात केला. “खालच्या टोकाकडून सुरू करतो. यंत्र एकदाच आणायचं, सगळा रस्ता एका दमात उघडायचा, पाइप टाकायचा, एका दमात बुजवायचा. लोकांनी तेवढे दिवस मागच्या गल्लीतून जायचं. आमचं कामही लवकर होतं आणि लोकांचं ओरडणंही एकदाच.”

“एका दमात नको,” ती म्हणाली.

साहेबांनी सवयीने रुमाल काढला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता तिसरं खरं कारण येणार, याची त्यांनी मनाची तयारी केली आहे.

“तुकड्याने करा. एक तुकडा उघडायचा, पाइप टाकायचा, बुजवायचा, वर डांबर घालायचं. त्यावरून लोक चालायला लागले की मगच पुढचा.”

“बाई, यंत्र दर वेळी हलवायचं म्हणजे...” मुकादम कुरकुरला. “वेळ जास्त जाईल.”

“जाईल. पण कुणाचंच दार फार दिवस बंद राहणार नाही. दवाखान्याचंही नाही. आणि पाण्याचा जोड प्रत्येक तुकड्याबरोबर पुढे सरकेल.” ती साहेबांकडे वळली. “असं करता येतं ना?”

साहेबांनी रेघेकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, पायरीवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. “येतं,” ते सावकाश म्हणाले. “कटकटीचं आहे, पण येतं. आणि खाली पाणी चढत नाही, त्याचं काय? तिथे जरा आधी...”

“रेडिओच्या दुकानासमोर आहे मोठी गळती. मी जागा दाखवते. आजच व्हॉल्व्ह बंद करून तिथे तात्पुरती पट्टी बांधा. त्याने काकूंकडे थोडं तरी पाणी चढेल.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

पायरीवरून बाबांनी घसा साफ केला.

“आम्ही दोघांनीही ऐकलंय,” ते म्हणाले.

खालून काकू रिकामी बादली हातात तशीच धरून पाहणी बघायला वर येत होत्या; निळ्या रेघेच्या कडेकडेने, ती पुसू नये अशा बेताने पाय टाकत. तिला कळलं की काकू हे आजच नव्हे, रोजच करत असणार. तिन्ही वेळा करत आल्या असणार.

“अहो बाई, ते सगळं ठीक आहे,” मुकादम म्हणाला. “तुकडे करा म्हणता तर करू. पण एवढं एकदाचं सांगा, परवानगी आहे की नाही? मागच्या दोन वेळी मी असाच माघारी गेलो.”

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी काठी आडवी करून मांडीवर ठेवली होती आणि डोळे मिटले होते, पूर्वी शिकताना मिटायचे तसे. तिचा अनवाणी पाय रेघेवर होता. खाली पाणी बोलत असणार, इथे ऐकू येत नव्हतं इतकंच.

“आहे,” ती म्हणाली. “आमच्या दारापासून खणा.”